मेंदू म्हातारा, खांदे धडधाकट

टीव्ही बदलला की होम थिएटरच्या रिसीव्हरच्या कुरबुरी सुरू होतात. तोवर दहा-पंधरा वर्षं टीव्ही युनिटच्या खालच्या कप्प्यातल्या त्या काळ्या खोक्याकडे कुणाचं लक्षही नसतं. डीव्हीडी वाजल्या, ब्लू-रे वाजल्या, क्रिकेटच्या मॅचेस वाजल्या. मग घरात ५५ इंची फोर-के टीव्ही येतो, नवी स्ट्रीमिंग स्टिक सवयीने रिसीव्हरच्या पाठीमागे खोचली जाते आणि पडद्यावर एक तर काहीच दिसत नाही, किंवा दिसतं ते जुनंच फुल एचडी. दुकानात विचारलं तर उत्तर ठरलेलं : रिसीव्हर जुना झालाय, बदलून टाका. आणि जो नवा दाखवतात त्याची किंमत ऐकून टीव्ही स्वस्त पडला असं वाटायला लागतं.

सल्ला साफ खोटा नाही. तो अर्धा खरा आहे, आणि कुठला अर्धा खरा हे कळलं की बरेच पैसे वाचतात.

रिसीव्हरच्या एका खोक्यात दोन वेगळी यंत्रं नांदत असतात. एक आहे मेंदू : येणारा डिजिटल सिग्नल ओळखणं, त्यातले पाच किंवा सात वेगळे आवाज सोडवणं, चित्र पुढे टीव्हीकडे धाडणं, खोलीप्रमाणे आवाज सुधारणं. दुसरे आहेत खांदे : मोठा ट्रान्सफॉर्मर, त्याच्या शेजारी दोन जाडजूड कंडेन्सर, अॅल्युमिनियमचा हीटसिंक आणि त्यावर स्क्रूने आवळलेले ट्रान्झिस्टर. स्पीकरचा पडदा हलवण्याचं ओझं हे खांदे उचलतात. दोघांचं वय सारखंच असलं तरी दोघं सारख्या वेगाने म्हातारे होत नाहीत. सगळी गोम इथेच आहे.

एक खराखुरा नमुना घेऊ. ओन्क्यो कंपनीचा टीएक्स-एसआर६०५ हा रिसीव्हर २००७ साली आला. तेव्हा तो गाजला, कारण ब्लू-रेवरचे ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी हे दोन अव्वल दर्जाचे आवाज स्वतः उलगडणारा इतका परवडणारा रिसीव्हर त्याआधी बाजारात नव्हता. एचडीएमआयची १.३ ही आवृत्ती २००६ च्या जूनमध्ये ठरली होती आणि या पठ्ठ्याने ती वर्षभरात सामान्य गिऱ्हाइकापर्यंत आणली. आता पुढची वर्षं मोजा. २००९ मध्ये १.४ आली आणि तिच्याबरोबर टीव्हीचा आवाज त्याच वायरीतून उलटा रिसीव्हरकडे आणणारी ‘आर्क’ची सोय. २०१३ मध्ये २.० आली, सेकंदाला ६० चित्रांचं फोर-के घेऊन. २०१७ च्या नोव्हेंबरात २.१ आली. वायरीतून जाणाऱ्या माहितीचा वेग १.३ च्या वेळी सेकंदाला १०.२ गिगाबिट होता, तो २.१ पर्यंत ४८ वर गेला. त्यात चोरून नक्कल होऊ नये म्हणून घातलेलं एचडीसीपी नावाचं कुलूपही बदललं. फोर-केसाठी त्याची २.२ ही आवृत्ती लागते. जुन्या रिसीव्हरला ती किल्ली माहीतच नसते. चित्र का अडतं, ते हे.

म्हणजे मेंदूला पाच-सात वर्षांत म्हातारपण येतं, तेही काही न बिघडता. कधीकधी तो बिघडतोही. ओन्क्योच्याच २००९ ते २०१२ दरम्यान बनलेल्या काही मॉडेलांत आवाज अचानक बंद पडायचा. दोष डिजिटल बोर्डावरच्या चिपांचा होता, आणि कंपनीने त्यांची मोफत दुरुस्ती २०१८ अखेरपर्यंत चालू ठेवली. त्या रिसीव्हरांचे अॅम्प्लिफायर मात्र ठणठणीत होते.

खांद्यांचं गणित निराळं. अॅम्प्लिफायरमध्ये झिजणारी मुख्य वस्तू म्हणजे कंडेन्सर. त्याच्या आतला ओला रसायनाचा थर उष्णतेने हळूहळू सुकतो. ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट होतं. एखाद्या कंडेन्सरवर १०५ अंशांना २००० तास असं लिहिलेलं असेल, तर ६५ अंशांना तो ३२,००० तास टिकायला हवा. रोज चार तास सिनेमा-मालिका धरल्या तर हे बावीस वर्षांचं भांडवल झालं. अर्थात खोक्याला मोकळी हवा मिळाली तर. आपल्याकडे रिसीव्हरच्या डोक्यावर सेट-टॉप बॉक्स, सेट-टॉप बॉक्सवर वायफायचा राउटर आणि या सगळ्यावर भरतकामाचा रुमाल अशी उतरंड असते. वरच्या जाळीवर चार-सहा इंच जागा रिकामी सोडणं ही या प्रकरणातली सर्वांत स्वस्त सुधारणा.

जुन्या रिसीव्हरच्या अनेक तक्रारी खरं तर दुरुस्तीच्या असतात. हळू आवाजात एका बाजूचा स्पीकर गप्प बसतो आणि आवाज वाढवला की फट्‌कन जागा होतो, हे लक्षण बहुतेक वेळा स्पीकर रिलेचं. आतले संपर्कबिंदू काळे पडलेले असतात. आवाजाची गोल मूठ फिरवताना खरखर होते, ती धूळ. कोकणपट्टीत आणि मुंबईत खाऱ्या दमट हवेने स्पीकरच्या वायरीची टोकं हिरवट होतात. तेवढा तुकडा कापून नवी टोकं सोलली की आवाज परत येतो. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली, आणि लहान शहरात टीव्ही दुरुस्त करणारा एखादा जुना कारागीर : रिले बदलणं, सुटलेला डाग पुन्हा मारणं ही त्यांच्या हातची रोजची कामं. स्वतः मात्र झाकण उघडू नका. मोठे कंडेन्सर वीज बंद केल्यावरही काही काळ भरलेले असतात.

आता वॉटचा भ्रम. नवा घ्यावा असं वाटण्याचं एक कारण म्हणजे खोक्यावरचा आकडा. माझा ८० वॉटचा, नवा १३० वॉटचा. नव्वदच्या दशकात टू-इन-वनवर हजारो ‘वॉट पीएमपीओ’चे चकचकीत स्टिकर असायचे, त्या आकड्याला कसलीही ठरलेली व्याख्या नव्हती. आज ते स्टिकर गेलं, पण युक्ती जिवंत आहे. खालची बारीक ओळ वाचा. ‘एक चॅनेल, १ किलोहर्ट्झ, ६ ओहम, १० टक्के विकृती’ असं लिहिलेलं असेल तर तो आकडा एकच स्पीकर, एकच सूर आणि फाटलेला आवाज यांवर काढलेला आहे. ‘दोन चॅनेल, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, ८ ओहम, ०.०८ टक्के’ असं असेल तर तो आकडा बराच प्रामाणिक. अमेरिकेत १९७४ पासून यासाठी सरकारी नियम आहे आणि २०२४ मध्ये तो आणखी कडक केला गेला. जुन्या मधल्या दर्जाच्या रिसीव्हरचे ८०-९० वॉट बहुधा दुसऱ्या प्रकारचे असतात, आजच्या सर्वांत स्वस्त रिसीव्हरचे १३० पहिल्या प्रकारचे. विश्वास बसत नसेल तर दोन्ही उचलून पाहा. २००७ चा खोका दहा-अकरा किलोंचा, नवा स्वस्तातला आठच्या आसपास. फरक बहुतांशी ट्रान्सफॉर्मरच्या तांब्या-लोखंडाचा आहे.

शिवाय वॉट लागतात किती? साधारण स्पीकरला एक वॉट दिला तर मीटरभर अंतरावर ८८ डेसिबल आवाज होतो. तीन मीटरवरच्या सोफ्यापर्यंत त्यातले ८० तरी पोचतात. घरात सिनेमा आपण सरासरी ७० डेसिबलवर पाहतो, म्हणजे वॉटचा दहावा भाग. स्फोटाचा क्षण त्याहून वीस डेसिबल वर गेला तरी दहा वॉट. आणि ८० ऐवजी १०० वॉट घेतले तर वाढ होते एका डेसिबलपेक्षाही कमी. ती कानाला जाणवणं कठीण. वॉटसाठी रिसीव्हर बदलणं हा पैशाचा अपव्यय आहे, एवढं ठामपणे म्हणायला हरकत नाही.

मग करायचं काय? मेंदूला बगल द्यायची.

पूर्वी सगळी यंत्रं रिसीव्हरला जोडायची आणि रिसीव्हरवरून एक वायर टीव्हीकडे जायची. ही दिशा उलटी करा. स्टिक, सेट-टॉप बॉक्स, गेमचं यंत्र, सगळं थेट टीव्हीच्या एचडीएमआयला लावा; टीव्हीच्या अंगभूत अॅपना तर तेही लागत नाही. टीव्हीकडून रिसीव्हरकडे आवाजाची एकच वायर न्या. रिसीव्हर २००९ नंतरचा आणि आर्कवाला असेल तर एचडीएमआयची, नाही तर ऑप्टिकलची. ऑप्टिकल म्हणजे तोशिबाने १९८३ मध्ये काढलेली टॉसलिंक. प्रकाशाची ही बारीक वायर चाळिशी ओलांडूनही बहुतेक टीव्हींच्या पाठीवर टिकून आहे. चित्राशी रिसीव्हरचा संबंध संपला, त्यामुळे फोर-के, एचडीआर, सेकंदाला १२० चित्रं हे सगळे वाद टीव्हीच्या अंगणात गेले.

इथे बऱ्याच घरांत एक घोळ होतो. टीव्हीचं डिजिटल आउटपुट अनेकदा मुळात ‘पीसीएम’वर असतं आणि पीसीएममध्ये ऑप्टिकलमधून फक्त दोनच चॅनेल जातात. मागचे स्पीकर गप्प, किंवा रिसीव्हर दोनाचे पाच करून काहीतरी बनवून देतो आणि घरचे म्हणतात, आवाज पूर्वीसारखा राहिला नाही. टीव्हीच्या साउंड मेनूत जाऊन ते ‘डॉल्बी डिजिटल’ किंवा ‘ऑटो’ करा. रिसीव्हरच्या दर्शनी पट्टीवर डॉल्बीची खूण उमटली की समजा ५.१, म्हणजे पाच स्पीकर आणि एक वूफर यांचा वेगवेगळा आवाज, खरोखर पोचतंय. डीटीएसचं मात्र टीव्हीप्रमाणे बदलतं. सॅमसंगने २०१८ पासून आपल्या टीव्हींतून ते काढूनच टाकलंय.

या वळणात गमावलं काय, तेही मोजू. नेटफ्लिक्सचं ५.१ डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये येतं, सेकंदाला ६४० किलोबिटपर्यंत. ऑप्टिकलला प्लस पेलत नाही, म्हणून टीव्ही त्याचं साधं डॉल्बी डिजिटल करून पाठवतो. ज्या डीव्हीडींवर आपण एकेकाळी फिदा होतो त्यांची कमाल मर्यादा ४४८ किलोबिट होती. म्हणजे पडलोच तर जुन्या उंचीच्या आसपासच. ट्रूएचडी हा विनानुकसान आवाज नेटफ्लिक्स किंवा प्राइम देतच नाहीत. तो डिस्कवर असतो. डोक्यावरूनही आवाज आणणारं अॅटमॉस जातं हे खरं, पण अॅटमॉसच्या पोटात ५.१ चा गाभा असतोच आणि जुना रिसीव्हर तो बिनतक्रार वाजवतो. डोक्यावरचं हेलिकॉप्टर फक्त डोक्यावर न राहता समोर-मागे फिरतं. दहा फुटी छताच्या भाड्याच्या घरात स्लॅबला भोकं पाडायची परवानगी कोण देणार आहे, हा प्रश्न त्याआधी सोडवावा लागतो.

डिस्कवाल्यांनी मात्र इथे थांबू नये. काही फोर-के ब्लू-रे प्लेयरांना दोन एचडीएमआय असतात, एक चित्राचं टीव्हीसाठी आणि दुसरं केवळ आवाजाचं, जुन्या रिसीव्हरसाठी. सोनीच्या यूबीपी-एक्स७०० ला हे आहे. अशा प्लेयरला जोडला की सहाशेपाचसारखा जख्ख रिसीव्हरही ट्रूएचडी पूर्ण वाजवतो, कारण आवाजापुरतं त्याचं एचडीएमआय अजून पुरेसं आहे. ‘ईआर्क’मधून, म्हणजे आर्कच्या सुधारित आवृत्तीतून, आवाज वेगळा काढून जुन्या एचडीएमआय इनपुटला देणाऱ्या डब्याही मिळतात. चांगल्या आहेत, पण त्यांची किंमत वाढत वाढत नव्या रिसीव्हरच्या निम्म्यावर गेली तर हिशेब फिसकटतो. आणि अनोळखी नावाच्या हजार-बाराशेच्या डबीवर ‘५.१’ छापलेलं असलं तरी त्यातून दोनच चॅनेल बाहेर पडण्याची शक्यता बरीच. परत करता येईल अशाच ठिकाणाहून घ्यावी.

तरीही नवा घ्यायची वेळ येते. मेंदूच मेला असेल, ऑप्टिकल इनपुटही बंद पडलं असेल, किंवा खरोखर छतात स्पीकर बसवायचे असतील तर पर्याय नाही. अशा वेळी ‘एट-के’ या अक्षरांच्या मागे धावू नये. २०२० मध्ये डेनॉन, मॅरँट्झ आणि यामाहाच्या नव्याकोऱ्या एट-के रिसीव्हरांत एकाच चिपचा दोष निघाला. एक्सबॉक्स सिरीज एक्सचं १२० चित्रांचं फोर-के त्यातून गेलं की पडदा काळा. डेनॉन-मॅरँट्झने बाहेरून जोडायची डबी वाटली, यामाहाने आतला बोर्ड बदलून दिला. गेमचं यंत्र थेट टीव्हीला लावणाऱ्यांना या भानगडीची झळही लागली नाही. म्हणून स्वस्तातल्या रिसीव्हरमध्ये बघायचं ते एवढंच : ईआर्क आहे का, आणि खोलीप्रमाणे आवाज सुधारणारी प्रणाली कुठल्या इयत्तेची आहे. ऑडिसी, वायपीएओ, डिराक ही तिची निरनिराळ्या कंपन्यांतली नावं. एकाच नावात पायऱ्या असतात. ऑडिसीची सर्वांत खालची आवृत्ती, जी सहाशेपाचमध्ये होती, वूफरच्या आवाजाला हातही लावत नसे. नेमकी गरज तिथेच सर्वांत जास्त.

जुन्या बाजारातून तीन-चार वर्षांचा वापरलेला घेणं मला अधिक पटतं. मेंदू पुरेसा ताजा, आणि खांदे त्याच पैशातल्या नव्यापेक्षा भक्कम. घेताना प्रत्येक एचडीएमआय लावून बघा, सगळे चॅनेल हळू आणि मोठ्या अशा दोन्ही आवाजांत ऐका, अर्धा तास चालवून वरची जाळी हाताला लावून पाहा. रिमोट नसला तरी चालेल, पण खोलीच्या आवाजाच्या मोजणीचा छोटा माइक मागून घ्याच. दुसऱ्या कंपनीचा माइक खोचून काम भागत नाही. आवाज सुधारणाऱ्या प्रणालीचं गणित स्वतःच्याच माइकवर बेतलेलं असतं.

अमेरिकेतल्या मुलाने किंवा भाच्याने स्वस्तात मिळाला म्हणून न्यू जर्सीहून बॅगेत घालून आणलेला रिसीव्हर हा आपल्याकडचा खास प्रकार. त्याच्या पाठीवर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ लिहिलेलं असतं. आपल्या २३० व्होल्टच्या प्लगला लावला की निदान फ्यूज तरी जातो. व्होल्टेज उतरवणारा वेगळा ट्रान्सफॉर्मर लागतो, तोही रिसीव्हरच्या पाठीवर लिहिलेल्या वॉटपेक्षा बऱ्यापैकी मोठा, आणि वॉरंटी इथे चालत नाही. हे सगळं धरून बचत उरते का, ते आधी कागदावर मांडावं. दुबईहून आणलेल्याला व्होल्टेजची अडचण येत नाही, वॉरंटीची येते.

समजा बजेट पन्नास हजारांचं होतं आणि रिसीव्हर वाचला. हे पैसे कुठे घालायचे? माझं उत्तर : आधी वूफर. आपल्या फ्लॅटमधला हॉल साधारण पंधरा बाय दहा फुटांचा असतो. पंधरा फुटांच्या लांबीत ३७-३८ हर्ट्झचा सूर भिंती-भिंतींत अडकून घुमतो, दहा फुटांच्या रुंदीत ५६ चा. म्हणून एका खुर्चीवर बेस छातीवर येतो आणि शेजारच्या खुर्चीवर गायब होतो. हे कुठल्याही रिसीव्हरने पूर्ण दुरुस्त होत नाही. वूफरची जागा बदलल्याने बरंच होतं, आणि त्याला पैसेही लागत नाहीत. वूफर तात्पुरता सोफ्यावर, आपण बसतो तिथे ठेवा, बेस भरपूर असलेला एखादा प्रसंग लावा आणि भिंतीकडेने रांगत ऐकत जा. जिथे तो सर्वांत स्वच्छ आणि एकसारखा ऐकू येईल तिथे वूफर ठेवा. मोठी माणसं हॉलमध्ये रांगताना पाहून मुलं हसतील, त्याला इलाज नाही.

मग रिसीव्हरच्या मेनूत सगळे स्पीकर ‘स्मॉल’ करा आणि ८० हर्ट्झखालचं वूफरकडे सोपवा. मोठ्या दिसणाऱ्या स्पीकरांना ‘स्मॉल’ म्हणणं मालकांच्या जिवावर येतं. पण यामुळे जुन्या खांद्यांवरचं सर्वांत जड ओझं उतरतं, कारण सगळ्यात जास्त वॉट खालचा बेसच खातो, आणि वूफरला स्वतःचा अॅम्प्लिफायर असतो. खालच्या मजल्यावर कुणी राहत असेल तर वूफरखाली जाड रबर किंवा फोमची लादी घालावी. स्लॅबला थेट बसणारे हादरे तेवढ्याने थोडे कमी होतात. हवेतून जाणारा बेस मात्र लादीला जुमानत नाही. त्यासाठी रात्री दहानंतर रिसीव्हरमधली ‘नाइट’ नावाची सोय चालू करायची. ती मोठे आवाज दाबते, बारीक उचलते.

त्यानंतर मधला स्पीकर. सिनेमातले बहुतेक संवाद एकट्या त्याच्यातून येतात आणि सेटबरोबर फुकट आलेला मधला स्पीकर हा सगळ्यांत कच्चा दुवा असतो. तो टीव्ही युनिटच्या फळीच्या कडेपर्यंत पुढे ओढून कानाच्या दिशेने किंचित वर कलता केला, तरी नटांची पुटपुट बरीच कमी होते.

पुढेमागे नवा रिसीव्हर आलाच, तर जुना भंगारात देऊ नये. नव्याला ‘प्री-आउट’ची भोकं असतील, तर तिथून समोरच्या डाव्या-उजव्या चॅनेलची साधी ऑडिओ वायर जुन्याच्या सीडी इनपुटला लावा, जुना ‘डायरेक्ट’वर ठेवा आणि त्याची आवाजाची मूठ एका ठिकाणी कायमची थांबवा. मग नव्याच्या माइकने मोजणी पुन्हा करा. मेंदू नव्याचा, आणि समोरचे दोन स्पीकर जुन्याच्या खांद्यांवर. फक्त सर्वांत स्वस्त रिसीव्हरांना वूफरचं एक सोडून बाकीची प्री-आउट बहुधा नसतात. ही योजना डोक्यात असेल तर विकत घेण्याआधीच खोक्याची पाठ नीट पाहून ठेवावी.